तिसरा खड्डा

खड्डा झाकून टाकावा, यावर आयडा लुंडक्विस्ट सोडून सगळ्यांचं एकमत झालं होतं.

शाळेच्या व्यायामशाळेत सुनावणी चालली होती. नेब्रास्कातला तो हवाईतळ बंद पडून कैक वर्षं लोटली, विमानं गेली, सैनिक गेले. घाण मात्र जमिनीत राहिली. लष्कराचा वकील शांतपणे समजावत होता: तळाचा कचरा पुरलेल्या तिसऱ्या खड्ड्यावर चिकणमातीचा जाड थर अंथरू, वर गवत लावू, भोवती कुंपण घालू. कायद्याला तेवढं पुरतं. लोक माना डोलावत होते. प्रत्येकाला घरी जाऊन जेवायचं होतं.

आयडा उठून उभी राहिली. सत्तरी ओलांडलेली, उंच, हाडकुळी बाई.

"झाकू नका," ती म्हणाली. "खणा. पार तळापर्यंत खणा."

वेंडेल प्रॉक्टरने कपाळ चोळलं. बंद तळांच्या सफाईचं सरकारी काम त्याच्याकडे होतं आणि ही बाई त्याला चांगलीच परिचयाची होती. एकही बैठक तिने चुकवली नव्हती. आधी लोक तिला हसत. तिचं घर तळाच्या कुंपणाला लागून, त्यामुळे तिला खड्ड्याचा ध्यास लागलाय, म्हणत. मग तिच्या विहिरीचं पाणी तपासलं गेलं आणि त्यात इंजिनांचे सुटे भाग धुवायचं द्रावण सापडलं, मर्यादेच्या कितीतरी पट. त्यानंतर कुणी हसलं नाही.

वकिलाने शेवटचा प्रयत्न केला. शेजारच्या विहिरी स्वच्छ आहेत, मग हिच्याच विहिरीत विष कसं, असं त्याने विचारलं. राज्याच्या पर्यावरण खात्याची बाई म्हणाली की जमिनीखालचं पाणी कुणाला विचारून वाहत नाही. पिण्याच्या पाण्यात विष उतरलंय, तर त्याचा उगम शोधलाच पाहिजे. खणायचा हुकूम निघाला.

ही बातमी द्यायला वेंडेल मुद्दाम तिच्या घरी गेला. आयडाने शहरातून आणलेल्या कॅनमधलं पाणी किटलीत ओतून कॉफी ठेवली. ती असंच करायची. पहिल्यांदा तो नमुना घ्यायला आला होता तेव्हाही तिने त्याच कॅनचं पाणी वापरलं होतं. सावध बाई, असं तेव्हा त्याच्या मनात आलं होतं.

घरात ती एकटीच असे. नवरा हृदयविकाराने गेलेला. मुलगी तळावरच्या कँटीनमध्ये कामाला होती, ती एका वैमानिकाबरोबर कॅनडाला पळून गेली आणि पुन्हा फिरकली नाही, असं गावात सांगत. आयडा तो विषय काढत नसे. वेंडेलही काढत नसे. या भांडणाने म्हातारीला जगायला निमित्त दिलंय, असं त्याला वाटे, आणि खड्डा उपसून झाल्यावर ती काय करील याची थोडी काळजीही.

"खणायला मोठं मशीन आणणार?" तिने विचारलं.

"हो. मोठ्या बकेटचं."

"दातवाली बकेट नको. सपाट धारेची लाव. आणि सावकाश काढायला सांग."

"सावकाशच काढतात, मिसेस लुंडक्विस्ट. आत पिंपं असली तर फुटायला नकोत."

"हो," ती म्हणाली. "पिंपं."

काम सुरू झालं. आयडा रोज कुंपणाबाहेर घडीची खुर्ची टाकून बसू लागली. वारा असा की डोळ्यांत माती जायची, पण ती हलत नसे. पांढरे पोशाख आणि मुखवटे घातलेले कामगार तिला हात करत. खड्ड्यातून सडकी लाकडं निघाली, टायर निघाले, गंजलेली लोखंडी कपाटं निघाली. मातीचे नमुने प्रयोगशाळेत जात राहिले.

एका सकाळी वेंडेलला वकिलाचा फोन आला. आवाजात राग होता, थोडा आनंदही. माती स्वच्छ होती. खड्ड्यात त्या द्रावणाचा मागमूसही नव्हता. आत्ताच्या आत्ता मशीन थांबव, तो म्हणाला, आणि त्या बाईला विचार तिच्या विहिरीत ते आलं कुठून. हा गुन्हा आहे.

वेंडेल कुंपणापाशी गेला. इतकी वर्षं तो तिच्या बाजूने साहेबांशी भांडला होता.

"मातीत काहीच नाही," तो म्हणाला. "एक थेंबही नाही. मग तुमच्या विहिरीत..."

"माहीत आहे मला."

ती खड्ड्याकडेच बघत होती. मग तिने विचारलं, "तुरुंगात टाकतील?"

"टाकू शकतात."

"बरं. टाकू देत. पण आज थांबवू नकोस, वेंडेल. आणखी थोडं खाली जाऊ दे."

"का?"

तिने खुर्ची कुंपणाच्या आणखी जवळ सरकवली. वेंडेलने फोन बंद करून खिशात टाकला. जेवणाची सुट्टी होईपर्यंत खणू देऊ, असं त्याने मनाशी ठरवलं. ठपका आलाच तर आपल्यावर येईल, येऊ दे. मुकादमाला त्याने काही सांगितलं नाही.

सुट्टीच्या थोडं आधी, कुणी न सांगताच, मशीन थांबलं. मुकादम खड्ड्यात उतरून वाकला होता. त्याने मुखवटा काढला, उघड्या हाताने माती बाजूला केली, आणि मग बाकीच्यांना मागे सरायची खूण केली. वेंडेल धावत निघाला.

"वेंडेल." आयडा उठली होती. कुंपणाची जाळी तिने दोन्ही हातांनी धरली होती. "डाव्या मांडीच्या हाडात स्टीलची सळी आहे का बघ. लहानपणी घोड्यावरून पडली होती माझी पोर."