दोरीचं दुसरं टोक

"आजचा दिवस दोरी राहू द्या, ताई," नगरपालिकेचा इंजिनिअर म्हणाला.

दोरी तिच्या हातातच होती. कपडे वाळत घालायची साधी नायलॉनची दोरी, तिच्यावर शिंपीणकाकूंनी लाल चिंध्या शिवलेल्या. रस्त्याच्या अलीकडे एक टोक ती धरायची, पलीकडे शाळेच्या फाटकाशी दुसरं टोक काकू. पोरं जमली की दोघी दोरी ताणायच्या. वळणावरून उतरणारे खडीचे डंपर कुरकुरत थांबायचे आणि पोरं पार व्हायची. दोरीचा हाताला वेढा घ्यायचा नाही, हा काकूंचा नियम. एखाद्याचे ब्रेक लागलेच नाहीत, तर दोरी जाऊ दे, हात राहू दे.

"अनुदानवाले येतायत आज," इंजिनिअर खालच्या आवाजात म्हणाला. "गेल्या वेळी सिग्नलचा अर्ज का परत आला, माहितीये? इथे अपघात नाहीत म्हणून. जिथे माणसं गेली तिथे पैसे गेले."

"अपघात नाहीत, कारण आम्ही आहोत."

"तेच तर म्हणतोय! तुम्हाला बघितलं की त्यांना वाटतं, छान चाललंय की यांचं. तुमचे फोटो काढतील, कौतुक करतील आणि जातील. एकदा दिसू दे त्यांना, पोरं कशी पळतात ते. पाच मिनिटांचा प्रश्न आहे. मी वर वळणावर पोलीसही उभा केलाय."

"पोलीस मिळतो होय? मग रोज कुठे असतो तो?"

त्याने घड्याळ पाहिलं. "मी तुमच्याच बाजूचा आहे हो. आमच्या तिजोरीत पैसे असते ना, तर केव्हाच लावला असता सिग्नल."

खोटं बोलत नव्हता तो. तेच जास्त लागलं.

"एकदाच तर आहे गं," मागून जुळ्यांची आई म्हणाली. "सिग्नल आला की कायमची सुटका. जन्मभर का खांबासारखं उभं राहायचंय इथे?"

सिग्नल तिलाही हवा होता. इतरांपेक्षा जास्तच हवा होता. घरात भाजी परततानासुद्धा लांब कुठे ब्रेक करकरले की तिचा हात थांबायचा. आणि आज संधी हुकली तर बोट तिच्याकडेच दाखवलं जाईल, हेही तिला कळत होतं.

"बरं," ती म्हणाली. "मग पहिलं कोणाचं सोडायचं?"

जुळ्यांच्या आईने दोघांच्या दप्तरांचे पट्टे घट्ट धरले.

"माझीच पोरगी सोडू? पुढेच उभी आहे. बुटाची नाडीसुद्धा नीट बांधता येत नाही तिला अजून. पळताना चांगली दिसेल."

"ताई, असं अभद्र काय बोलता!"

"बोललात तुम्ही, साहेब. मी फक्त मूल कोणतं ते विचारलं."

शाळेची घंटा झाली. पोरांची रांग हलली. रोजच्या सवयीने पुढची पावलं फुटपाथवरून खाली उतरली, कारण घंटा झाली की दोरी वर येते, एवढंच त्यांना ठाऊक. तिने आपलं टोक उचललं. दोरी वर आलीच नाही. मधोमध लोळत राहिली.

पलीकडे काकू टोकापाशी नव्हत्या. इंजिनिअर आधी त्यांना भेटून आला होता. त्या लांब, शाळेच्या भिंतीला टेकून मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांच्या जागी आता एक पांढरी गाडी थांबली होती आणि तिच्यातून निळ्या शर्टातला माणूस उतरत होता. गळ्यात ओळखपत्र, बगलेत फाइल. लाल चिंध्यांचं टोक त्याच्या बुटाशी.

पोलीस वर असूनही वळणावरून डंपर उतरला.

"अहो!" ती ओरडली. "ते टोक उचला!"

माणसाने मागे वळून पाहिलं.

"तुम्हीच! निळा शर्ट! उचला!"

"ताई, ते अनुदानाचे परीक्षक आहेत—" इंजिनिअर म्हणाला.

"बघताय काय मेल्यासारखे?" भिंतीपासून धडपडत उठत काकू कडाडल्या. "ताणा ती!"

फाइल खाली पडली. माणसाने टोक उचललं आणि ओढलं. दोरी ताठ झाली, लाल चिंध्या थरथरल्या. डंपर फुसफुसत आला आणि दोरीच्या हातभर अलीकडे उभा राहिला. वरून ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "काकूंना सुट्टी दिली काय आज? माणूस नवीन दिसतोय!"

पोरं निघाली. पहिली तिची, एक नाडी रस्त्यावर फरफटवत. मग जुळी. मग बाकीची.

रांग सरली तसा माणूस पलीकडून ओरडला, "हे किती वेळ धरायचं असतं?"

"सोडा की!" ती म्हणाली. "साहेबांच्या मते आज दोरीची गरजच नाही."

इंजिनिअरने डोळे मिटून घेतले.

माणसाने डंपरकडे पाहिलं. इंजिनची गरम हवा त्याच्या तोंडावर येत होती. मग त्याने अलीकडे पाहिलं. गल्लीतून एक उशिरा आलेला पोरगा डबा सावरत धावत येत होता, कुठेही न बघता. ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि चाकं जराशी पुढे सरकली.

माणसाने दोरी सोडली नाही. मनगटाला एक वेढा घेतला, मग आणखी एक.

वेढा घेऊ नका, असं त्याला ओरडून सांगायला हवं होतं. तिने तोंड उघडलंही. मग तिचं लक्ष आपल्या हाताकडे गेलं. दोरी मनगटात रुतली होती. दोन वेढे.

तिने दोरी आणखी ताणली.