गच्चीवरचे बिबडे

“भाडेकरूसकट घर कोण विकत घेतं? कायदा तुमचाच! उद्या गिऱ्हाईक आलं की पाहुणे आहोत म्हणा, नाहीतर नळ तोडीन,” घरमालक नानांनी दारातूनच बजावलं. भिकुबाईच्या नवऱ्याने मान डोलावली. पहाटे भिकुबाईने मोठं पातेलं चुलीवर चढवलं. दुपारी फियाट दाराशी थांबली. सावद्याचा केळीचा व्यापारी खोल्या बघत फिरला. “हे कोण?” “लग्नाला आलेले पाहुणे. परवा जातील.” नाना हसले. नवरा जमिनीकडे बघत राहिला. व्यापारी गच्चीचा जिना चढला आणि वरच्या पायरीवरच थबकला. बाजांवर, धोतरांवर, कठड्यापर्यंत पापडासारखे ज्वारीचे बिबडे वाळत होते. भिकुबाई उकिडवी बसून ते उलटवत होती. मागून आलेल्या नानांचा चेहरा उतरला. “पाहुणे एवढे बिबडे घालतात?” व्यापाऱ्याने विचारलं. तिने डोक्यावरचा पदर सावरला. “घरच्यापुरतेच आहेत, भाऊ. पुढच्या आखाजीपर्यंत, वर्षभर पुरतीन.”