साबेटचा पुतळा

“फोडून टाका,” फ्लोरिस म्हणाला. टेबलाभोवतीच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. ग्रीतने तेवढी डोलावली नाही.

अपिंग्टन गावाच्याही पलीकडून, कालाहारीच्या लाल वाळूतून, गाडीत हाडं खिळखिळी करून घेत ते शहरात आले होते. माणसाच्या मुळाचं नवं संग्रहालय उघडायचं होतं. त्याआधी एक जुनी गोष्ट मिटवायची होती. तळघरात प्लास्टरचे पुतळे पडले होते. एके काळी शहरात मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा गोऱ्या साहेबांनी कालाहारीतून सान जमातीचे लोक आणले. त्यांना उघडं उभं केलं आणि अंगावर ओलं प्लास्टर थापून साचे घेतले. त्या साच्यांतून काढलेले पुतळे मग कितीतरी वर्षं काचेमागे उभे होते. फ्लोरिस आता त्याच जमातीचा पुढारी होता. तरुणपणी तो ते बघायला गेला, तेव्हा एका पोराने आधी पुतळ्याकडे आणि मग त्याच्याकडे बोट दाखवलं होतं. ते बोट तो अजून विसरला नव्हता.

संग्रहालयाची प्रमुख थांडेका वयाने लहान, बोलायला मऊ होती. सकाळी तिने सगळं फिरवून दाखवलं होतं. शिळांवर तांबड्या रंगातली एलंड हरणं होती. ग्रीतने एका हरणाची मान न्याहाळली आणि चरबी चांगली धरलीय म्हणाली, तसे सगळे हसले. पुढच्या दालनात कवट्या होत्या. अख्ख्या जगातली माणसं याच भूमीतल्या आयांची लेकरं आहेत, असं थांडेकाने सांगितलं.

“जगाला आई सापडली, बरं झालं,” ग्रीत पुटपुटली.

तिची स्वतःची आई तिने कधी पाहिली नव्हती. साबेट तिचं नाव. प्रदर्शनाहून परतताना, वाटेतल्या एका स्टेशनावर ग्रीतचा जन्म झाला आणि तिथेच साबेट गेली. गाडी थांबेना. बरोबर असलेल्या मावशीने पोर उचललं. रेल्वेच्या लोकांनी साबेटला कुठे पुरलं, ते मावशीला कधीच कळलं नाही. ना थडगं, ना कसली खूण. मावशी एवढंच सांगायची की प्लास्टर थापताना साबेटला इतकं हसू येत होतं की साहेबांना पहिला साचा टाकून द्यावा लागला. ग्रीत लहानपणी आई कशी दिसायची म्हणून विचारायची, तेव्हा मावशी म्हणायची, आरशात बघ. ग्रीत बघायची. बघता बघता साठी उलटून गेली, आणि आता आरशात आईच्या वयाचं कोणी उरलं नव्हतं.

“मला आधी बघायचीय,” ती म्हणाली.

जमातीत ग्रीतला सगळे ओमा, म्हणजे आजी, म्हणत. फ्लोरिसने तिची समजूत घालायचा प्रयत्न केला. “ओमा, कशाला? अंगावर चिंधी नाही त्यांच्या. त्यांची अब्रू राहावी म्हणूनच तर आलोय आपण.”

“आईची लाज लेकीला नसते.”

थांडेका तिला हाताला धरून खाली घेऊन गेली. फ्लोरिस मागोमाग गेला. पांढऱ्या चादरींखाली पुतळे ओळीने उभे होते. थांडेकाने एका चादरीवरची नावाची पट्टी वाचली आणि चादर खांद्यापर्यंत सरकवली.

साबेटचे डोळे मिटलेले होते. ओठ घट्ट दाबलेले, पण एका कोपऱ्यात हसू निसटलं होतं. ती ग्रीतच्या नातीपेक्षाही लहान दिसत होती. ग्रीतने तिच्या गालावरून बोटं फिरवली, जशी तापलेल्या पोराच्या गालावरून फिरवतात. बराच वेळ फिरवली. मग पूर्ण काढ म्हणाली.

थांडेका घुटमळली. मग तिने चादर ओढली. फ्लोरिसने तोंड भिंतीकडे केलं.

ग्रीतचा हात गळ्यावरून खाली आला, छातीवरून खाली आला आणि थांबला. साबेटचं पोट गच्च, गोल होतं. बेंबी बाहेर आलेली. दोन्ही तळवे तिने पोटाखाली धरले होते. प्लास्टर थापून घेतानाही ते तिने काढले नव्हते.

थांडेकाच्या डोळ्यांना धार लागली. या पुतळ्याखाली इतकी वर्षं ‘लठ्ठ स्त्री’ असं लिहिलेलं होतं, ते तिने कसंबसं सांगितलं.

ग्रीत वाकली. थंड प्लास्टरला तिने कान लावला आणि तशीच राहिली.

“ओमा,” भिंतीकडेच बघत फ्लोरिस हळूच म्हणाला, “मग काय करायचं?”

“बाकीच्यांचं तुम्ही ठरवा,” ग्रीत म्हणाली. “हिला हात लावू नका. आम्हा दोघींचा एकत्र असा हा एवढाच फोटो आहे.”