कडक गाडी

लेकीला गाडी कडक हवी होती: मोठी चाकं, पातळ टायर, रस्त्याला चिकटून पळणारी. गॅरेजवाल्यानं हौस पुरवली आणि चक्कर मारायला मागं बसला. पुढं लेकीशेजारी आई होती. बाबा गेल्यापासून तिचा घरी डोळा लागत नसे. संध्याकाळी तिला ऑफिसातून आणताना गाडीत मात्र हटकून लागायचा. आज ती प्रत्येक खड्ड्याला दचकून हँडल धरत होती. “छान पळते गं,” तरी म्हणाली. लेकीनं गाडी गॅरेजकडं वळवली, जुनी चाकं परत चढवायला लावली, सस्पेन्शन चकरेगणिक मऊ करून घेतलं. तिसऱ्या चकरेला आईची मान कलंडली. “बास, सस्पेन्शन एवढंच मऊ राहू द्या,” लेक म्हणाली. “अहो ताई, पार पाळणा झाला गाडीचा!” गॅरेजवाला कळवळला. “हळू बोला.” आई डोळे न उघडताच पुटपुटली, “झोपले नाहीये मी.” गॅरेज आलं, पण लेकीनं गाडी तशीच पुढं नेली; थांबवा असं गॅरेजवालाही म्हणाला नाही.