बेसमेंटमधला देव

ब्रॉसार्ड गावात शेजारच्या म्हातारीच्या गराज सेलमध्ये नीरजाताईंना ती वीतभर मूर्ती मिळाली. ब्राँझची, मांडी घालून बसलेली, गळ्यात जाड कडं, एका डोळ्यात निळी काच. आपल्याकडचाच कुणी यक्ष असणार, असं धरून त्यांनी ती देव्हाऱ्यात ठेवली. बाकीच्या देवांबरोबर तिचीही रोज आंघोळ आणि नैवेद्य सुरू झाला.

२००९च्या नाताळात टोरोंटोहून लेक आली. अनुया म्युझियममध्ये कामाला.

"आई, हा गॉल लोकांचा देव आहे, फ्रान्सकडचा. दोन हजार वर्षांचा तरी असेल. प्लीज, त्याला पाणी लावू नकोस."

"म्हणजे पाहुण्याला पानावरून उठवायचं?" नीरजाताई कुरकुरल्या. पण त्यांनी मूर्ती टॉवेलात गुंडाळून बेसमेंटमध्ये नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीसारखं ताम्हन पुढे ओढलं. अन्नपूर्णेची आंघोळ झाली. मग त्यांनी बाळकृष्ण उचलला. लग्नात माहेरून आलेला, रांगता, एका हातात लोण्याचा गोळा. चाळीस वर्षांत त्याचे गुडघे त्यांच्या बोटांना पाठ झाले होते.

आज ते बोटांना लागेनात.

त्यांनी चष्मा लावला. बाळकृष्ण मांडी घालून बसला होता.