येणाऱ्या भाषा

बाईने तिसऱ्यांदा सलाईन उपटलं आणि ती दाराकडे धावली. दोन वॉर्डबॉयनी तिला धरून पुन्हा पलंगावर निजवलं. या वेळी त्यांनी तिची दोन्ही मनगटं पट्टीने कठड्याला बांधून टाकली.

माजिवड्याच्या पुलाखाली टेम्पोने तिला उडवलं होतं. डोक्याला मार होता. तिला ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. कागद-पेन पुढे केलं तर तिने ते भिरकावून दिलं होतं.

"मेंदूला सूज असणार, म्हणून अशी करतेय," डॉक्टर हर्षित म्हणाले. "झोपेचं इंजेक्शन भरा."

सिस्टर अक्षदाने सिरिंज उचलली, परत ठेवली आणि तिसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटर विभागात फोन लावला. "विनिता, तुझ्या त्या नव्या रकान्यात खुणांची भाषा येणारं कोणी आहे का गं? लवकर बघ."

तो रकाना जेमतेम दोन आठवड्यांचा होता. कोपरीतल्या या हॉस्पिटलचा डिरेक्टरी सर्व्हर विनिता सांभाळायची. साडेअकराशे माणसांच्या नोंदी त्यात होत्या. नाव, विभाग, फोन, पासवर्ड. सर्व्हरच्या स्कीमात, म्हणजे नोंदीच्या साच्यात, तेवढंच मावत होतं. त्यात 'येणाऱ्या भाषा' हा एक अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे नवा रकाना, घालावा म्हणून ती चार महिने विभागप्रमुख सौमित्र सरांच्या मागे लागली होती. सर कचरत होते. "स्कीमात एकदा घातलेलं काढता येत नाही गं. बंद करता येतं, पुसता येत नाही. आणि भाषा कशाला? सगळ्यांना मराठी-हिंदी येतंच की." पण एका सोमवारी कंटाळून त्यांनी हो म्हटलं.

मग फॉर्म भरून येऊ लागले. नोंदी करता करता विनिताचे हात थांबायला लागले. लिफ्टवरच्या माणसाला नेपाळी येत होतं. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना रशियन. गेटवरचे महिपतकाका तरुणपणी ट्रक चालवायचे, त्यांना कन्नड, तेलुगू आणि थोडं ओडिया. रोज जिन्यात दिसणारी माणसं, पण प्रत्येकाच्या आत एकेक मुलूख होता आणि इतक्या वर्षांत त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

तिने 'साइन लँग्वेज' टाकून शोधलं. शून्य. 'मूकबधिर'. शून्य. 'खुणा'. शून्य. फोनवर अक्षदा वाट बघत होती. विनिताने डोळे मिटले. ज्याची ती भाषा आहे, तो माणूस तिला काय नाव देईल? तिने नुसतं 'हात' असं टाकलं.

एक नोंद आली. शकुंतला भोईर, लॉन्ड्री विभाग. आगरी, मराठी, हातांची.

शकूमावशी चौदा वर्षं हॉस्पिटलच्या चादरी धूत होत्या. पदराला हात पुसत त्या विनिताच्या मागोमाग कॅज्युअल्टीत आल्या आणि दारातच थबकल्या.

"हात सोडा तिचे," त्या म्हणाल्या. "तोंड बांधलंय तुम्ही तिचं."

 डॉक्टर हर्षित पुढे झाले आणि त्यांनी स्वतःच गाठी सोडल्या.

पुढे जे झालं ते विनिता बघतच राहिली. ज्या हातांना तिने फक्त चादरींची गाठोडी उचलताना पाहिलं होतं, ते हात हवेत उठले आणि भराभरा चालू लागले. बोटं उमलत होती, मिटत होती, कपाळाला, छातीला टेकत होती. बाईचे हातही तसेच उठले. दोन तास कोंडलेलं सगळं त्यातून वाहून आलं. खोलीत आवाज नव्हता, तरी तिथे कोणीतरी आक्रोश करतंय हे सगळ्यांना कळत होतं.

"येडी नाय ती," शकूमावशी वळून म्हणाल्या. "पोर राहिलीय तिची तिकडे. चार वर्षांची. शहाळ्याच्या गाडीपाशी बसवली नि ही पाणी आणायला रस्ता ओलांडत होती. पोरीलापण ऐकू येत नाय. हाका मारून काय होणार? मीच जाते."

अ‍ॅम्ब्युलन्स निघाली तेव्हा विनिताही तिच्यात चढली.

मुलगी पुलाचा खांब आणि पोलिसांचे रचून ठेवलेले बॅरिकेड यांच्या फटीत शिरून बसली होती. पाच-सहा जण वाकून तिला "बेटा, ये बाहेर" म्हणत होते आणि ती आणखी आत सरकत होती. शकूमावशींनी सगळ्यांना मागे सारलं. त्या लांबच, धुळीत मांडी घालून बसल्या आणि त्यांनी हात उचलले.

मुलीने मान वर केली. तिचे इवलेसे हात घाबरत हलले. मावशींनी उत्तर दिलं.  मुलगी रांगत बाहेर आली आणि त्या अनोळखी बाईच्या मांडीत शिरली. 

परतताना मुलगी मावशींच्या कुशीत झोपून गेली.

"कुठे शिकलात हे?" विनिताने हळूच विचारलं.

"डोंबिवलीला. माझा नयन असाच होता. तो शाळेत वर्गात बसायचा, मी व्हरांड्यात. त्याच्यासोबत मीपण शिकले."

"आता कुठे असतो तो?"

"नाय गो. नऊ वर्षांचा असताना तापात गेला. सोळा वर्षं झाली."

 सोळा वर्षं. पण मघाशी तर मावशींचे हात एकदाही अडखळले नव्हते.

"मग इतकी वर्षं ही भाषा तुम्ही बोलत कोणाशी होतात?"

शकूमावशींनी तिच्याकडे नवलाने पाहिलं. एवढं साधं तिला कळू नये, याचंच त्यांना नवल वाटलं असावं.

"त्याच्याशीच गो बाय," त्या म्हणाल्या. "रोज."