साइटचा प्रमुख

२००६ साली अ‍ॅरिझोनात आमच्या कंपनीला हायवेचं काम मिळालं. त्यातले सात मैल एका नेटिव्ह अमेरिकन जमातीच्या जमिनीतून जाणार होते, आणि जमातीच्या रोजगार कार्यालयाच्या परवानगीशिवाय तिथे एकही मशीन हलवता येणार नव्हतं.

कार्यालयाच्या प्रमुख व्हर्नाबाईंनी अटी सांगितल्या. निम्मे कामगार जमातीचे, खडी जमातीच्या खाणीतली, आणि साइटचा प्रमुख त्यांचा भाऊ ऑल्विन.

माझे बॉस केसलर हसले. "त्याला अनुभव किती?"

"बावीस वर्षं," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्याच कंपनीत. तुम्ही त्याला कधी साधा फोरमनसुद्धा केलं नाहीत."

केसलरांचा चेहरा उतरला. साइटच्या प्रमुखाच्या जागेवर त्यांनी स्वतःच्या जावयाला नेमलं होतं. मला बाजूला घेऊन ते कुजबुजले, "रेणू, त्यांचे सगळे नियम तू वाचलेस ना? ही अट टाळायची काही सोय आहे?"

"नाही सर," मी म्हणाले.

केसलरांनी निमूटपणे सगळ्या अटी मान्य केल्या.


सोय चौदाव्या पानावर होती. पण माझे बाबा गेले, तेव्हा याच माणसाने मला नागपूरला जायला चार दिवसांची रजा नाकारली होती.